विनी हेपलचं उजवं बटण

मित्रांनो, मी एक जुनी आग आहे. खरी नव्हे. नीट सांगायचं तर मी विजेचा हीटर आहे. माझ्या पोटात प्लास्टिकचे कोळसे आहेत, त्यांच्याखाली एक लाल दिवा आहे आणि दिव्याच्या गरम हवेनं फिरणारं पत्र्याचं एक चाक आहे. चाक फिरलं की कोळशांवर ज्वाळा हलल्यासारख्या दिसतात. मला बटणं दोन. डाव्यानं ज्वाळा दिसतात, उजव्यानं तारा तापून ऊब येते. आग आणि ऊब या दोन गोष्टी वेगवेगळ्या का ठेवल्या, हे मला बनवणाऱ्याला विचारायचं राहून गेलं. तो आता नाही. त्याचा कारखानाही नाही.

इंग्लंडात, डरहॅमकडच्या एका कोळशाच्या खाणगावात मला कथबर्ट हेपलनं आणलं. त्या वर्षी खाण बंद पडली होती आणि त्याचे गुडघेही. त्यानं जुन्या शेकोटीचं तोंड फळीनं बंद केलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. वारा सुटला की फळीमागच्या धुराड्यात कुणीतरी घसा खाकरतं. मी मागे वळून पाहत नाही. मला वळता येत नाही.

पहिल्याच संध्याकाळी सवयीनं कथबर्टनं लोखंडी सळई घेतली आणि माझे कोळसे ढोसले. एकाचा टवका उडाला.

"प्लास्टिक आहे रे ते," विनी म्हणाली. विनी म्हणजे त्याची बायको.

"तीस वर्षं खरा कोळसा खणला, विने. आणि म्हातारपणी हा बघत बसायचा." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "माफ कर बाबा."

माझ्या उभ्या आयुष्यात माझी कुणी माफी मागितली ती तेवढीच.

पुढे दोघं पेन्शनीत आली आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. दर हिवाळ्याच्या तोंडाशी सरकारचं पत्र येई. म्हाताऱ्या माणसांनी घर गरम ठेवावं म्हणून थोडी मदत. अर्ज नाही, विनवणी नाही, आपोआप. कथबर्ट ते पत्र माझ्यापुढे उभं राहून मोठ्यानं वाचायचा आणि पायाच्या अंगठ्यानं उजवं बटण दाबायचा. "बस गं, सरकार आलंय," म्हणायचा. पाहुणे म्हणत, अगदी जिवंत आग वाटते. मला ते खरं वाटायचं.

एका मार्चमध्ये कथबर्टच्या फुप्फुसांनी काम थांबवलं. त्याची खुर्ची होती तिथेच राहिली. संध्याकाळी माझ्या ज्वाळा त्या खुर्चीवर हलतात, आणि कुणीतरी गुडघे सावरून बसल्यासारखं दिसतं. ते माझ्यामुळेच दिसतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

मग एका वर्षी पत्र आलंच नाही. सरकारनं ठरवलं होतं की ज्यांना तुटपुंज्या पेन्शनवरचा जादा भत्ता मिळतो त्यांनाच हिवाळ्याची मदत द्यायची. विनीची पेन्शन तुटपुंजी होती, भत्ता तिच्या हक्काचा होता. पण तो मागावा लागे.

"आपण मागणारी माणसं नव्हे, कथबर्ट," तिनं खुर्चीला सांगितलं. "आपल्याहून वाईट हाल असलेली असतील की. त्यांना मिळू दे."

त्या गल्लीत घरोघरी हेच वाक्य होतं. त्यामुळे सगळ्यात वाईट हाल असलेलं माणूस नेमकं कुठे राहतं, ते कुणालाच सापडलं नाही.

उजवं बटण बंद झालं. विनी फक्त डावं दाबायची आणि कोट, लोकरी टोपी, स्वतःच्या मोज्यांवर कथबर्टचे मोजे, अशी माझ्यापुढे बसायची. रस्त्यावरून खिडकीत लाल उजेड दिसे. येणारे-जाणारे म्हणत, विनीची मजा आहे बुवा.

पाहुण्याला मात्र गार खोलीत बसवायचं नाही, हा त्या गावचा धर्म. पुढचं लोखंडी फाटक करकरलं की विनी उठायची, कोट आणि टोपी खुर्चीमागे टाकायची आणि उजवं बटण दाबायची. पाहुण्याचे बूट निघेपर्यंत माझ्या तारांवरची धूळ जळून वास सुटलेला असे.

"भट्टी लावलीस की काय गं?" शेजारची मोरीन स्टॉब्ज म्हणायची. "माझ्याकडे बघ येऊन. थंडीनं लोणी पावावर पसरत नाही, पावच फाटतो."

मोरीन गेली की कोट अंगावर, बटण बंद.

मोरीननंच भत्त्याचे अर्ज भरून देणाऱ्या जॅनिस नावाच्या बाईंना पाठवलं. मंगळवारी अकराला येते म्हणाल्या. म्हणून विनीनं मला साडेदहालाच पेटवलं. तुम्हाला थंडी वाजते का, हे विचारायला येणाऱ्या बाईंना थंडी वाजू नये म्हणून.

जॅनिसबाईंनी आधी कोट काढला, मग स्वेटर काढला.

"घर गरम ठेवायला अडचण येते का, मिसेस हेपल?"

"छे. केक घ्या ना अजून."

"म्हणजे, पैसे पुरतात?"

"तुम्हाला उकडतंय का? खिडकी उघडू?"

बाहेर जानेवारी होता. जॅनिसबाई अर्ज ठेवून गेल्या. सही केलीत तर लगेच पाठवते, म्हणाल्या. मित्रांनो, त्या खोलीत मी एकटा साक्षीदार होतो, आणि मी दोन्ही तारा लाल करून खोटी साक्ष दिली.

पुढच्या आठवड्यात पुढच्या वाटेवर काच धरावी तसा बर्फ धरला. म्हणून मोरीन दुपारी मागच्या दारानं आली. फाटक वाजलं नाही. ती थेट येऊन बसली, माझ्यापुढे हात पसरले आणि आपल्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलू लागली. बराच वेळ बोलली. मग थांबली. तिनं हात थोडे जवळ आणले. मग आणखी जवळ. मग अख्खा तळवा माझ्या कोळशांवर ठेवला.

विनी कोट घालून बसली होती. ओठ जांभळे होते. ती उठली नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "कथबर्टचा आत्ताच डोळा लागलाय."

मोरीननं उजवं बटण दाबलं आणि अँब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत मोरीन उभी राहिली. त्या दुसऱ्या खुर्चीत बसली नाही.

विनी आठ दिवस इस्पितळात होती. तिथे मोरीननं तिच्यापुढे अर्ज धरला. हे मला नंतर त्या दोघींच्या भांडणातून कळलं.

"मी मागणारी नव्हे," विनी म्हणाली होती.

"तू नकोस मागू. मी मागते, तू नुसतं नाव लिही. तुझ्या जागी कुणी ढोल वाजवणारं राहायला आलं तर मी काय करू?"

शेजाऱ्याची अडचण म्हटल्यावर विनीनं सही केली. भत्ता मंजूर झाला, मागाहून हिवाळ्याची मदतही आली. विनी घरी आली, पत्र खुर्चीला वाचून दाखवलं, आणि डावं बटण दाबून कोट घालून बसली.

"पैसे आलेत ना गं आता?" मोरीन म्हणाली.

"एकटीसाठी कशाला उगाच? कोण येतंय?"

मोरीननं यावर वाद घातला नाही. ती सकाळी, दुपारी आणि चार वाजता येऊन फाटक वाजवू लागली. कधी आत येते, कधी नुसतं करकरवून घरी जाते. विनी उठते, कोट काढते, उजवं बटण दाबते, चहाचं पाणी ठेवते. कुणी येत नाही हे नक्की होईपर्यंत खोली गरम झालेली असते. विनीला हे ठाऊक आहे. दोघी या विषयावर अवाक्षर काढत नाहीत.

मागच्या महिन्यात मोरीन चार दिवस बहिणीकडे गेली. बर्फ पडत होता. पहिल्या दिवशी चार वाजता फाटक वाजलं. विनीनं उजवं बटण दाबलं आणि पडदा सारून पाहिलं.

"वाटेवर पाऊल एकही नाही," ती म्हणाली. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "बूट बाहेर काढ."

चारही दिवस फाटक वेळेवर वाजलं.

मित्रांनो, खिडकीतल्या लाल उजेडावर विश्वास ठेवू नका; मी त्यातलाच आहे. तुमच्या गल्लीत एकटं म्हातारं माणूस असेल तर आत जा, शेगडीपुढे हात धरा आणि ते गरम होतात का पाहा. तेवढा वेळ नसेल तर जाता जाता फाटक तरी वाजवा. पुढचं आम्ही बघतो. कोण वाजवून गेलं, याची या घरात चौकशी होत नाही.