पुष्पाबाईंनी तोलून घेतलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना, चंदेरी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा आहे. अंगाने जाड आहे, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते तुम्हाला दिसणारच आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी खोक्यात बसून पांढुर्ण्याला आलो, तो भूपेंद्रजी नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याकडे. त्या घरात माझे फार लाड झाले. बारसं असो, साखरपुडा असो, पोळ्याला सजवलेली बैलजोडी असो, आधी मला शोधायचे. मी पुढे आलो की माणसं केस सारखे करायची आणि मुलं दात दाखवायची. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग त्या घरात मोबाईल आला. तो बोलायचा, गाणी म्हणायचा, रस्ता दाखवायचा आणि वर फोटोही काढायचा. एकट्याने किती हव्यास करावा? माझ्या वाट्याला फक्त एकच काम होतं, तेही त्याने ओढून घेतलं. मला कपाटात टाकून सगळे विसरले. पोटातले सेलही कुणी काढले नाहीत. ते कुजले, पाझरले आणि माझ्या आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. एवढं होऊन कुणी हाकसुद्धा मारली नाही.

घर आवरताना भूपेंद्रजींनी मला गुणवंताभाऊंना देऊन टाकलं. गुणवंताभाऊंचा स्टेशनच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि एका काचेच्या कपाटात जुने कॅमेरे. अलीकडे कॉलेजच्या पोरांना या जुन्या कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड लागलं आहे, म्हणून ते आमच्यासारख्यांना गोळा करतात. त्यांनी लिंबाच्या रसात कापूस बुडवून माझ्या पट्ट्या घासल्या, नवे सेल घातले आणि मी चालू झालो. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण तो आनंद कपाटापर्यंतच टिकला, कारण कपाटात माझ्या शेजारी लाल्या बसलेला होता.

लाल्या हे मी ठेवलेलं नाव. तो कांद्याच्या सालीसारखा चकचकीत लाल, पातळ, शर्टच्या खिशात मावणारा, पाठीवर मोठा स्क्रीन असलेला कॅमेरा. जो येई तो आधी त्याला उचली. मला हात लागे तो फक्त बाजूला सरकवण्यासाठी. माझ्या अंगाचा नुसता जळफळाट होई.

एके दिवशी दुकानात पुष्पाबाई आल्या. पुष्पाबाई संत्र्याच्या मंडीत फळं निवडायचं काम करतात आणि त्यांचे यजमान सुखदेवभाऊ नगरपालिकेत, पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर आहेत. बरोबर मुलगी होती, सुप्रिया. ती अकरावीसाठी सौंसरला मुलींच्या वसतिगृहात जाणार होती. तिथे मोबाईलला बंदी आहे, कॅमेऱ्याला नाही. सुप्रियाला जायचंच नव्हतं. घरी ठरलं होतं, दिवाळीपर्यंत राहून बघायचं. नाही करमलं तर परत यायचं आणि आईशेजारी संत्री निवडायला बसायचं. पुष्पाबाईंना नेमकं तेच नको होतं. म्हणून घरचे फोटो जवळ राहावेत, पोरीचं मन लागावं, यासाठी त्या कॅमेरा घ्यायला आल्या होत्या.

“भाऊ, लय महागाचा नको,” त्या म्हणाल्या. “अन् बिघडनारा बी नको.”

गुणवंताभाऊंनी आम्हा दोघांना काचेवर मांडलं. किंमत दोघांची जवळपास सारखीच होती. “ताई, माह्यं ऐका, हा लाल घ्या,” ते म्हणाले. “फोटू साफ येते, स्क्रीन मोठा हाय. फकत याची बॅटरी याचीच लागते, चार्जर सांभाळा लागते. हा चांदीवाला जुना हाय, पन याले कोन्त्याही किराना दुकानातले सेल चालते. फोटू ठीकठाक येते.”

ठीकठाक! माझ्या तोंडावर!

सुप्रियाचे डोळे तर लाल्यावरून हलेनात. पण पुष्पाबाईंनी ना झूम विचारला, ना मेगापिक्सेल. त्यांनी आधी लाल्याला तळहातावर घेतलं, मान थोडी तिरकी केली आणि हात हलकेच वरखाली केला. मित्रांनो, मंडीत संत्रं असंच पाहतात. वरून कितीही देखणं असलं, तरी साल सुटलेलं संत्रं हातात हलकं लागतं आणि आत रस नसतो. त्याला पोचट म्हणतात आणि ते बाजूला फेकतात. नेमकं त्याच वेळी, माझा क्लिक चालतो हे दाखवायला गुणवंताभाऊंनी मला उचलून एक फोटो काढला. तेव्हा माझ्यात फोटो साठवायचं कार्ड नव्हतं. पण आमच्यासारख्यांना पोटात स्वतःची थोडीशी जागा असते, दोनचार फोटोंपुरती. फोटो तिथे जाऊन बसला.

“हा पोचट हाय,” असं म्हणत पुष्पाबाईंनी लाल्याला खाली ठेवलं. मग मला तोललं. “हा पाह्य. भरला हाय हा. हाच द्या.”

“आई, असा नसते गं कॅमेरा पाहत!” सुप्रिया रडकुंडीला आली.

“काही बी घेतलं तरी असंच पाहा लागते,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि विषय संपला. गुणवंताभाऊ हसले. “ताई, नाही पटला तं दिवाळीपर्यंत आनून द्या. बदलून देईन. अन् बाई, काम झालं का यातले सेल काढून ठेवत जा,” असं त्यांनी सुप्रियाला बजावलं आणि एक कार्ड माझ्यात घालून दिलं.

मी लाल्याकडे पाहिलं. हवी तेवढी फुशारकी मारून घेतली. माझ्या अंगातला भार माझा नव्हता, तो पोटातल्या दोन सेलांचा होता, हे मला ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

जायच्या आधी सुप्रियाने घरचे भरपूर फोटो काढले. अंगणातली शेळी, विहारासमोरचा निळा झेंडा, व्हॉल्व्हच्या चावीवर वाकलेले सुखदेवभाऊ. आईचे तर किती काढले! पण पुष्पाबाई कॅमेरा समोर आला की खांदे ताठ करायच्या, ओठ मिटायच्या आणि आधार कार्डासाठी बसल्यासारख्या बघायच्या. एकाही फोटोत त्या हलत्या-बोलत्या आल्या नाहीत. तरी सौंसरला रोज कॉलेज सुटल्यावर सुप्रिया खाटेवर बसून तेच फोटो पाही. तेवढ्या वेळापुरता मी तिचं घर होतो. मला आणखी काय पाहिजे होतं?

आणि तिथेच माझा दुष्मन हजर झाला. शेजारच्या खाटेवर तिगावची पूनम राहायला आली. तिच्या वडिलांची संत्र्याची मोठी बाग. तिने पेटी उघडली आणि वर काय, तर लाल्या! आमच्यानंतर गुणवंताभाऊंच्या दुकानातून तिनेच तो घेतला होता. माझं तोंडच उतरलं. सगळ्या मुली त्याच्याभोवती जमल्या. पण खरं दुःख वेगळंच होतं. माझी सुप्रियासुद्धा त्याच्याकडे टक लावून बघत होती. माझ्यावर कुणाची नजर पडली की ती मला उशीखाली सरकवायची. ज्या पोरीचे अश्रू माझ्या स्क्रीनवर पडायचे, तिला माझी लाज वाटत होती. मित्रांनो, तेव्हा मी लाल्याला जे काही शाप दिले, ते तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत.

दिवाळी जवळ आली तेव्हा वसतिगृहात स्नेहसंमेलन होतं. ऐन वेळी लाल्याचं कार्ड बिघडलं. मला कोण आनंद झाला! आता बस म्हटलं तोंड वासून. पण पूनम सुप्रियाकडे आली.

“सुप्रिया, तुह्यं कार्ड दे ना गं. कार्यक्रम झाला का लगेच देतो वापस.”

“मले बी काढू देशील का त्याच्यातून फोटो?” सुप्रियाने विचारलं.

“हो ना! तूच काढ.”

झालं. लाल्याला एकदा हातात धरायला मिळावं म्हणून सुप्रियाने माझं कार्ड उपसून त्याला दिलं. माझी शेळी, माझा झेंडा, माझ्या पुष्पाबाई, सगळं त्याच्या पोटात. मी खाटेवर उघडाच पडून राहिलो.

लाल्याला ते कार्ड पचलं नाही. कार्ड साफ करू का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. बाहेर नाच सुरू होत होता. पूनमने न वाचताच घाईने ‘हो’ दाबलं. नंतर सुप्रियाने घरचे फोटो पाहायला लाल्याचं बटण दाबलं, तर आत काहीच नव्हतं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पूनम रडत माफी मागत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पेटी ओढली आणि कपडे भरायला लागली.

“काय करून राहिली तू?” पूनमने घाबरून विचारलं.

“घरी चालली. मले नाही करमत इथं. आई-बाबाले सांगतो, जमत नाही म्हनून.”

पुस्तकं आधीच एका बाजूला ठेवली होती, वाचनालयाला परत द्यायला. म्हणजे ती खरोखरच चालली होती. मग तिने मला उचललं. गुणवंताभाऊंचं सांगणं आठवून सेल काढायला झाकणाकडे बोट नेलं. पण रोजची सवय कुठे जाते? सेल काढायच्या आधी तिने फोटो पाहायचं बटण दाबलं.

कार्ड असलं की माझ्या पोटातली जागा झाकली जाते. आज कार्ड नव्हतं, ते लाल्यातच राहिलं होतं. इतके दिवस लपून बसलेला तो एकच फोटो स्क्रीनवर आला. दुकानातला. पुष्पाबाईंची मान तिरकी, कपाळावर आठी, ओठ जरा बाहेर काढलेले, तळहात हवेत. कॅमेरा आपल्याला बघतो आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मंडीत ढिगासमोर बसून निवडणारी, तोलणारी, नापसंत करणारी, सुप्रियाची खरी आई.

सुप्रिया बघत राहिली. मग रडली, आणि रडता रडता हसली. “पूनम, इकडं ये. माही आई पाह्य.”

पूनमने वाकून पाहिलं आणि किंचाळलीच. “अवं! हा तं माहा कॅमेरा होय! तुह्या आईच्या हातात?”

“आई म्हने, पोचट हाय हा.”

दोघी पोट धरून हसल्या. मी मात्र आतल्या आत जळालो. माझ्या पोटात जपलेल्या एकुलत्या एक फोटोत, पुष्पाबाईंच्या तळहातावर कोण होता? लाल्या! तिथेही त्याने जागा सोडली नव्हती. पण सुप्रियाने पेटीतले कपडे काढून पुन्हा फळीवर ठेवले.

दिवाळीची सुट्टी लागली आणि पुष्पाबाई तिला न्यायला आल्या. आल्या आल्या त्यांनी मला खाटेवरून उचललं, आणि मित्रांनो, माझं धाबं दणाणलं. सुप्रियाने सेल काढून ठेवलेले होते. पुष्पाबाईंनी मान तिरकी केली. हात वरखाली केला. पुन्हा केला.

“अवं माय, हा तं पोचट निंगला! बदलून घ्याची तं अजून मुदत हाय ना?”

शेजारी लाल्या ऐटीत पडलेला. मी डोळे मिटले असते, पण मला मिटता येत नाहीत.

सुप्रियाने माझ्यात सेल घातले, कार्ड घातलं नाही, आणि बटण दाबून मला आईच्या हातात दिलं. पुष्पाबाईंनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेला.

“ही मी होय?”

“हो. हिच्यासाठीच थांबली मी इथं. सुट्टी संपली का वापस येतो.”

पुष्पाबाईंनी पदराने माझा स्क्रीन पुसला, मला तळहातावर घेतलं, पण या वेळी हात वरखाली केला नाही.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “भरला हाय हा.”

तर मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटाच्या कोपऱ्यात माझ्यासारखा कुणी जुना पडला असेल. त्याला एकदा बाहेर काढा. सेल आत असतील तर ते काढून टाका, पट्ट्या पुसा आणि टाकून द्यायच्या आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा. तुमचंच कुणीतरी तिथे वाट बघत असेल. आम्हाला एवढं जपलंत तरी पुरे.

मी सध्या सुप्रियाच्या पेटीत असतो. तिने मला आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं आहे. उरलेला तुकडा तिने लाल्यासाठी पूनमला दिला. तेवढं मात्र तिने करायला नको होतं.