तारीखमामांचं स्टूल

आवाज बंद केलेल्या टीव्हीवर मालक हसत होते. मंत्र्यांच्या मागे, अगदी खांद्याला खांदा लावून, हातात फुलांचा भलामोठा गुच्छ.

बार अजून उघडायचा होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या, वेटर फरशी पुसत होता. स्टूल उचलून दाराकडे निघालेले तारीखमामा तिथेच थबकले.

"आवाज वाढव रे जरा."

वेटरनं ओल्या हातानं रिमोट दाबला. दारू पिण्याचं किमान वय एकवीसवरून अठरा करणारा कायदा आज मंजूर झाला होता. मंत्री म्हणत होते, अठराव्या वर्षी तरुण मत देतो, गाडी चालवतो, सैन्यात जातो. मग त्याच्या ग्लासावरच सरकारनं पहारा का ठेवायचा? आमचा तरुणांवर विश्वास आहे! टाळ्या पडल्या. गुच्छ काखेत मारून मालकांनीही वाजवल्या.

"मामा, आपले मालक टीव्हीवर! आणि तुम्ही सुटलात की. आता एवढ्या तारखा बघायला नकोत."

मामा टीव्हीकडेच बघत राहिले. हेच मंत्री विरोधी पक्षात होते तेव्हा याच दाराशी आले होते. मामांचा हात हातात घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला होता आणि 'असा माणूस प्रत्येक बारच्या दाराशी हवा' म्हणून भाषण ठोकलं होतं. तेव्हा तरुण पिढी रसातळाला चालली होती. मधे एक निवडणूक झाली आणि पिढी एकदम सुधारली. त्याचंही मामांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. पुढाऱ्यानं शब्द फिरवला तर पुढच्या खेपेला मत फिरवता येतं. पण मागे उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना कळेना.

मामांचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना याच बारमध्ये प्यायला होता. पहिल्या पगाराचा दिवस होता. वय कुणी विचारलं नाही, ग्लास मात्र भरत राहिले. घरी जाताना मोटारसायकल उभ्या ट्रकवर गेली. आईनं मालकांविरुद्ध तक्रार केली तेव्हा मालक स्वतः घरी आले, जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "आई, तुमच्या धाकट्याच्या वयाचं पोर पुन्हा माझ्या दारातून आत जाणार नाही. हवं तर तुमचा थोरलाच दाराशी बसवा." आईचं मन विरघळलं. तिनं सही करून तक्रार मागे घेतली. छापखान्यातली बरी नोकरी सोडून थोरला दाराशी येऊन बसला, तोही घरचं स्टूल घेऊन. मालकांची खुर्ची त्याला नको होती.

तेव्हापासून जन्मतारीख पाहिल्याशिवाय मामांनी कुणाला आत सोडलं नाही, म्हणून ते तारीखमामा. सकाळी चहाबरोबर आई विचारायची, "काल कोण आलं होतं?" मग मामा रंगवून सांगायचे. कुणी पेन्सिलनं मिशी काढून आलेला आणि घामानं ती ओठावर उतरलेली. कुणी थोरल्या बहिणीचं ओळखपत्र आणलेलं, पण बहिणीची जन्मतारीखच पाठ करायची राहिलेली. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि शेवटी हमखास विचारायची, "मग?"

"मग काय, पाठवलं घरी."

"घरी ना? बरं झालं." एवढं ऐकलं की ती कामाला लागायची.

मालक आले ते गुच्छासकट. दारातच मामा उभे दिसले, तसं त्यांचं हसू जरा ओसरलं.

"बघितलंत वाटतं टीव्हीवर. अहो, कायदा सरकारचा. त्यात मी काय करणार?"

"तुम्ही मागे उभे होता."

"बारमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे मी. उभं राहावंच लागतं, मामा."

"नुसतं उभं राहायला कुणी गुच्छ नेत नाही. मागणी तुमचीच होती ना?"

मालकांनी गुच्छ काउंटरवर ठेवला. "हो, होती. धंदा आहे. शेजारच्या बारमध्ये सर्रास पोरं बसतात, आणि मी इथं साधू होऊन बसू? आणि मी कुठं शब्द मोडला? कायद्याबाहेर काही करणार नाही, हेच बोललो होतो ना आईंना?"

"कायदा म्हणाला नव्हतात. धाकट्याच्या वयाचं पोर म्हणाला होतात."

मामांना वाटलं, आता हा माणूस पुन्हा जमिनीवर बसेल. निदान मान तरी खाली घालेल. पण मालकांनी वेटरला हाक मारून आतून एक खोका आणवला. खोक्यात सोनेरी बटणांचा नवा कोट होता.

"तुमच्या मापाचा शिवून घेतलाय. आता अडवायचं नाही, दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा. पगारही वाढवतो."

कोट आधीच शिवून झाला होता. म्हणजे कायदा होण्याआधीपासून सगळं ठरलं होतं, आणि रोज संध्याकाळी 'काय मामा, बरं आहे ना?' विचारणाऱ्या या माणसानं गोड बोलून केसानं गळा कापला होता. मामांच्या अंगाची आग झाली. ओरडावं, गुच्छ पायाखाली घालावा, असं खूप वाटलं. त्यांनी स्टूल उचललं.

"अहो मामा, स्टूल कुठं नेताय?"

"माझंच आहे."

उन्हं अजून उतरली नव्हती. हातात स्टूल घेऊन चाललेल्या माणसाकडे लोक वळून बघत होते. एवढ्या उजेडात मामा कित्येक वर्षांत घरी आले नव्हते.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कोनाड्यातला रेडिओ बंद होता; या वेळी तो कधी बंद नसायचा. तिनं स्टुलाकडे पाहिलं, मग मामांकडे.

"सांगितलं रेडिओवर," ती म्हणाली. "तो पण होता का रे तिथं?"

मामांनी मान हलवली.

आईच्या हातातली घडी विस्कटली. "माझ्या हातानं सही केली होती रे मी. तो रडला म्हणून."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. घडी पुन्हा घालत आईनंच विचारलं, "काल कोण आलं होतं? सकाळी सांगायचं राहिलं."

"एक आला होता. एकोणीसचा. कपडे अगदी नवे. म्हणाला, मामा, आज पहिला पगार झाला."

काल असं कुणीच आलं नव्हतं. आईनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मग?"

"पाठवला घरी."

"घरी ना?"

"घरीच."

या वेळी ती 'बरं झालं' म्हणाली नाही. हातातले कपडे तिनं बाजूला ठेवले, स्टूल ओढत दाराशी नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.