शिव्या संपल्यावर

थोरला आणि खारू हे सख्खे भाऊ नगरपालिकेच्या झाडं छाटणाऱ्या टोळीत कामाला होते. खारू हे नाव टोळीनंच ठेवलेलं. बाकीचे कमरेचे पट्टे आवळत असायचे, तोवर हा अर्ध्या झाडावर पोचलेला. थोरला खाली दोर धरून उभा राहायचा आणि वर बघून बघून मान अवघडून घ्यायचा.

"अरे, जरा दम खा!"

"दादा, तू खाली दम खा, मी वर हवा खातो!"

गोदामांच्या रस्त्यावर एक जुना शिरीष होता. एके दिवशी खारू त्याची वाळकी फांदी उतरवायला चढला. ना वारा, ना वादळ. पण त्याच्या डोक्यावरची दुसरीच फांदी, चांगली हिरवीगार, पानांनी लगडलेली, कडाडून मोडली. थोरल्यानं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत सगळं खाली आलं होतं. फांदीही आणि भाऊही.

त्या दिवसापासून तो न फुटलेला आवाज थोरल्याच्या डोक्यात राहायला आला. जेवताना, आंघोळ करताना, बायको काही विचारत असताना मध्येच तो आत ओरडायचा. बायकोला वाटायचं, हा ऐकत नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली आणि आई पहाटे घराबाहेर पडू लागली. फटफटायच्या आधी हळूच कडी काढायची, ऊन चढेपर्यंत परत यायची आणि काही झालंच नाही अशी कणीक मळायला बसायची. सुनेनं दोनचार दिवस पाहिलं आणि नवऱ्याच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी थोरला मागोमाग गेला. आई शिरीषाच्या बुंध्याशी बसली होती. एका उघड्या पडलेल्या मुळावर, घरच्या पाटावर बसावं तशी.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ज्यानं तुझं पोर खाल्लं त्याच्या पायाशी बसतेस? लाज वाटत नाही?"

आईनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागली. तो तरातरा निघून आला. शेजारीपाजारी बोलायचं ते बोललेच. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले, आणि थोरल्यालाही ते खरं वाटू लागलं.

मग साहेबांनी झाडाची तपासणी करवली. बुंधा आतून पोकळ निघाला. झाड बुंध्यापासून कापायचं ठरलं. मुकादमानं थोरल्याला बाजूला घेतलं.

"तू त्या दिवशी सुट्टी घे. मी दुसऱ्याला लावतो."

"करवत माझ्याच हातात पाहिजे," थोरला म्हणाला.

कितीतरी दिवसांनी त्याला त्या रात्री भूक लागली होती. जेवताना त्यानं आईला सांगून टाकलं. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"कधी?"

"परवा."

"मग उद्या पहाटे चल माझ्याबरोबर. एकदाच. पुन्हा नाही म्हणणार."

तो गेला. रस्ता रिकामा होता, गोदामांची शटरं खाली ओढलेली. शिरीषानं रात्रभर मिटलेली पानं अजून उघडली नव्हती. सगळं झाड डोळे मिटून उभं असल्यासारखं. आई मुळावर बसली. तो जरा लांब, पाय पोटाशी घेऊन. त्याला दुसरीकडे बघायचं होतं, पण नजर नको तिथेच जात होती. मोडलेल्या फांदीची जखम वर तशीच होती, तिच्या कडेनं साल वळून आत येऊ लागली होती. मुंग्या बुंध्यावरून आपल्या वाटेनं चालल्या होत्या. मग उजाडत गेलं आणि पानं एकेक करून उलगडू लागली.

"काय करतेस तू इथे?" शेवटी त्यानं विचारलं.

"आधी शिव्या द्यायला यायचे," आई म्हणाली. "मेल्या, मुडद्या, जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या. घसा बसेपर्यंत. मग एक दिवस शिव्या संपल्या. नवीन सुचेनात. नुसतीच बसून राहिले."

"आणि?"

"आणि काही नाही. घरी जो तो माझ्याशी गोड बोलतो. देवानं नेलं, चांगली माणसं लवकर जातात, काय नि काय. हे झाड काही बोलत नाही. याला माहीतच नाही रे माझं पोर गेलं ते. रोज पानं उघडतं, रोज मिटतं. देव असला तर असाच असेल असं वाटतं. ऐकत नाही. पण समोर असतो."

"असला देव काय कामाचा?"

"कामाचा नाहीच. पण इथे बसलं की मला श्वास घेता येतो. घरी येत नाही."

थोड्या वेळानं थोरल्याच्या ध्यानात आलं, की मघापासून डोक्यातला तो आवाज आला नव्हता. ध्यानात आलं आणि लगेच तो परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी झाड पाडलं. त्यानंच पाडलं. मुकादम नको म्हणत असताना शेवटचा काप त्यानं घेतला. त्याला वाटलं होतं, आत काहीतरी सुटेल, मोकळं होईल. झाड आडवं झालं, धूळ उडाली, टोळीतला एकजण शिट्टी वाजवून हसला. पानांच्या ढिगात कावळ्याचं घरटं दबलं होतं. पिल्लं होती. तारांवर कावळे जमून दिवसभर कालवा करत राहिले, आणि थोरल्यानं भुसा झाडून ओंडके गाडीत चढवले. खारूसाठी त्याला आजवर रडू आलं नव्हतं. ते घरी आल्यावर, हातपाय धुताना आलं. बायको पाण्याचा तांब्या धरून नुसती उभी राहिली.

पिल्लांचं त्यानं आईला सांगितलं नाही.

आई त्यानंतर एकदाच तिथे गेली. उरलेल्या खुंटाभोवती उन्हाचा लख्ख तुकडा पडला होता, तिथे उभी राहिली आणि लगेच परत आली. "मला जमत नाही आता," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. पुढे ती बाहेर पडलीच नाही. थंडी सरता सरता गेली. सकाळी सुनेनं चहाला हाक मारली तर उठली नाही.

थोरला अजून त्याच टोळीत आहे. पहाटे तो घरातून लवकर निघतो आणि कामाच्या वाटेवर नदीकाठच्या दगडावर बसतो. आईला झाडात देव दिसला, तसं त्याला तिथे कुणी दिसत नाही. पाणी गढूळ असतं, कधी त्याला वासही येतो. पलीकडच्या गवतातून एक बगळा उठतो आणि थोडं पुढे जाऊन बसतो. पण काही सकाळी, उजाडता उजाडता, त्याच्या डोक्यातला आवाज थांबतो. किती वेळ, ते तो मोजत नाही. मोजायला गेलं की परत येतो. बायकोनं एकदा विचारलं, "काय मिळतं तिथे बसून?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू येतेस का उद्या?"