बाबांचा फसलेला तास

बाबांची शेवटची बैठक ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी झाली. आम्ही नेहमीसारखे चर्चच्या तळघरात बसलो होतो: पश्चिम मिशिगनमधल्या सहा लहान ख्रिस्ती शाळांत लॅटिन, तर्क आणि वक्तृत्व शिकवणारे चौदा शिक्षक. या विषयांना शाळेत बहुधा एकटादुकटाच शिक्षक असतो. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी ही दर महिन्याची बैठक सुरू केली. प्रार्थना झाली की प्रत्येकानं आपला एक फसलेला तास सांगायचा. इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही.

"गेरिट, परत तेच सांगणार असशील तर मी कॉफी आणायला जाते," विनी पोस्टमा म्हणाली. ती बाबांच्याच शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती.

"जा की. तुझ्यासाठी सांगतच नाहीये. नवीन माणसं आलीयत."

आणि त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी, आठवीचा भाषणांचा दिवस. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, म्हणून एका मुलीला ते वर्षभर इतरांपेक्षा कडकपणे वागवत आले होते. ती पालकांसमोर चार मिनिटं उभी राहिली, एक शब्द न बोलता खाली बसली. "मी तिला इतकं घाबरवलं, की तिची वाचाच गेली," बाबा म्हणाले.

थिआ त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. तिनं विचारलं, "मग बोलायला लागली का ती?"

"बोलते की! आता तर्क शिकवते. पोरं म्हणतात, जरा गप्प बसली तर बरं."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

मी घाबरले नव्हते. भाषण मला तोंडपाठ होतं. त्या सकाळी नाश्ता करताना, सराव म्हणून, बाबांनी मला "मिस वेल्डहाउस" अशी आडनावानं हाक मारली. वर्गात ती हाक मी वर्षभर ऐकून घेतली होती. घरात नाही ऐकवली. तेरा वर्षांच्या मुलीला सुचेल तेवढा सूड मी घेतला.

पुढे बाबा मवाळ झाले, आणि त्या चार मिनिटांतूनच ही बैठक उभी राहिली. तिच्यामुळे किती शिक्षक टिकले, मीसुद्धा. मग खरं सांगायचं कसं?

परतताना गाडीत मी म्हणाले, "बाबा, एक सांगायचं होतं."

"बोल ना, ॲनेलीस."

"मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय."

त्यांनी गाडी थांबवली, उतरून चारही चाकं पाहिली. "ठीक आहेत गं," म्हणाले.

सोमवारी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, त्यांचं हृदय बंद पडलं.

नोव्हेंबरच्या शनिवारी विनी हळूच म्हणाली, "आज तुझी पाळी सोडू या."

"नको. मी बाबांचा तास सांगते." "तो फसलाच नव्हता. मला भाषण येत होतं. मी मुद्दाम गप्प राहिले."

मग विनीनं नियमाप्रमाणे प्रश्न विचारला, "गेरिटला माहीत होतं?"

"नाही."

"मग आत्ता सांग त्याला."

चौदा जणांऐवजी तेराच होतो. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, मी घाबरले नव्हते. मला तुमचा राग आला होता."