खऱ्या पुस्तकातला लांडगा

झूराकानच्या हातून एखादं पुस्तक सहीसलामत सुटलं, असं नारिन गावात फारसं घडत नसे. शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली ही बाई आठवड्याला एक पुस्तक फस्त करायची. महिन्यातून एकदा आठ मैत्रिणी आळीपाळीनं एकेकीच्या घरी जमत, तेव्हा चहाच्या वाट्या भरता भरता ती त्या पुस्तकांचा पंचनामा मांडायची. बाकीच्या मैत्रिणी आपापल्या सुनांची उणीदुणी काढत, झूराकान लेखकांची काढायची.

मार्चच्या बैठकीत तिनं दोन पुस्तकं सोलायला घेतली.

"एक कादंबरी. स्टेशनमास्तराची," पिठाचा तळलेला गोळा, बोर्सोक, जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवत ती म्हणाली. "चारशे पानं. त्याची बायको दोनशेव्या पानावर पळून जाते. मी असते तर विसाव्यालाच गेले असते! पण माणूस काय उतरवलाय. असा कुणी नव्हताच हे ठाऊक असून मी त्याच्यासाठी रडले."

"तू रडलीस? पुस्तकच भिजलं असेल घाबरून," तेन्ती म्हणाली.

"गप गं. दुसरं खरं पुस्तक, हिमबिबट्यांची मोजदाद करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं. झकास चाललं होतं. नव्वदाव्या पानावर हे गृहस्थ सोन-कुल तळ्याच्या काठी देवदारांच्या सावलीत जेवायला बसले. सोन-कुलला देवदार! अगं, तिथं चुलीला काटकी मिळत नाही, शेण जाळावं लागतं. मिटलं पुस्तक. झाडांची थाप मारणारा बिबटे काय मोजणार, कपाळ?"

सगळ्या खो खो हसल्या. तिचा नियम त्यांना पाठ होता. कादंबरीत हवं तेवढं खोटं बोला, फक्त आळस करू नका. पण खरं म्हणून लिहाल, तर घोड्याचा रंगसुद्धा चुकता कामा नये.

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती तेन्ती. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. तेन्तीनं उभा जन्म तालुक्याच्या वर्तमानपत्रात लोकर आणि दुधाच्या बातम्या लिहिण्यात घालवला होता. आता तिची आत्मकथा छापून आली होती, आणि शनिवारी वाचनालयात त्या पुस्तकाच्या मुखदर्शनाचा सोहळा होता. नव्या नवरीचं तोंड जसं मोठ्यांच्या हातून उघडतात तसंच पुस्तकाचं. पांढऱ्या ओढणीत बांधलेलं पुस्तक गावातला वडीलधारा सोडतो, लेखकाच्या खांद्यावर झगा घालतात, आणि जो तो उठून चार गोड शब्द बोलतो. त्याआधी पुस्तक कुणी वाचत नाही. उंबऱ्यावरच्या नवरीला कुणी नावं ठेवतं का?

"पहिलं तू बोलायचंस हं," तेन्ती म्हणाली.

"मग दे वाचायला."

"मुखदर्शनाआधी कोण वाचतं, बये? शनिवारी गोड बोल, रविवारपासून काढ माझी सालटी."

पण न वाचता बोलणं हे झूराकानच्या रक्तातच नव्हतं. गुरुवारी सकाळी ती वाचनालयात पोचली. तिथली मेरिम तिची जुनी विद्यार्थिनी, मोठ्या बायकांना 'एजे' म्हणजे ताई म्हणणारी, आणि छापखान्यातून गठ्ठे येऊन पडले होते.

"एजे, एकच देते," मेरिम कुजबुजली. "तेन्ती एजेला कळलं तर माझी धडगत नाही."

झूराकान खिडकीपाशी बसली. पहिली साठ पानं तिनं कौतुकानं वाचली. वहीत लिहिलं : 'वाक्यं छोटी. बाप फार छान उतरलाय. आकडे मात्र जागोजागी, वर्तमानपत्राची खोड.' मैत्रिणीचा अभिमान वाटून तिचा ऊर भरून आला. मग एकाहत्तरावं पान आलं.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा सरत आला होता, असं तिथं लिहिलं होतं. आम्ही दोघं डोंगरावरच्या मेंढ्यांच्या तळावर होतो. मुलगी अकरा दिवसांची. तिला ताप चढला. मेंढ्या वीत होत्या, म्हणून नवरा एक दिवस थांबला, आणि त्याच दिवशी खिंड बर्फानं बुजली. मूल गेलं. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ शिरेना. आम्ही दिवसभर जमिनीवर शेणाच्या गोवऱ्या जाळल्या, तेव्हा कुठं हातभर माती मऊ झाली.

झूराकान वाचत राहिली. तेन्तीचा नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. त्यानं जन्मात एक हिवाळा डोंगरावर काढला नव्हता. त्या गोवऱ्या झूराकाननं स्वतःच्या हातांनी रचल्या होत्या. एक दिवस थांबलेला माणूस तिचा स्वतःचा नवरा, ओरोझ होता.

"पोरांना कधी सांगू नकोस," ओरोझ पुढं म्हणाला होता, मुलगा मकसत पोटात असताना. "बापानं मेंढ्या वाचवल्या आणि मूल घालवलं, हे त्यांना कळायला नको." तिनं शब्द पाळला. तीन वर्षांपूर्वी ओरोझ गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचे पाहुणे पांगल्यावर, तेन्तीबरोबर भांडी विसळताना, तिला राहवलं नाही. जन्मात एकदाच, एकाच माणसाला तिनं ते सांगितलं होतं.

परिच्छेदाच्या शेवटी वाक्य होतं : 'आणि दूर कुठंतरी एक लांडगा रडत होता.'

सवयीनं तिची पेन्सिल समासात चालली. 'लांडगा नव्हता.' आपणच लिहिलेले ते दोन शब्द तिनं पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर लांडगा सजावटीला.

शुक्रवारी ती तेन्तीकडे गेली. तेन्ती उद्याचे बोर्सोक तळत होती. झूराकाननं पुस्तक पिठाच्या परातीशेजारी ठेवलं.

तेन्तीनं झारा खाली ठेवला. "मेरिमनं दिलं ना? मला वाटलंच."

"तुला मूल कधी झालं गं डोंगरावर?"

"ओरड नकोस, शेजारी ऐकतील."

"उद्या सगळं गाव ऐकणार आहे!"

तेन्ती स्टुलावर बसली. "माझ्या आयुष्यात होतं काय लिहायला? दुधाचे आकडे? साठ पानांत संपलं सगळं. तुझं ऐकल्यापासून ते माझ्या डोक्यातून जाईना. तू कधी लिहिणार होतीस? तुझ्याबरोबर मातीत गेलं असतं. आता लोक रडतील तिच्यासाठी."

"तुझ्यासाठी रडतील, भवाने! मग कादंबरी लिहायची होतीस. कादंबरीत लिहिलं असतंस, तर एवढं लागलं नसतं मला."

"कादंबरी कोण छापतंय? खरंच हवं असतं सगळ्यांना." आणि मग तेन्तीनं तिची नजर चुकवत हळूच म्हटलं, "उद्या तू बोललीस, तर ओरोझचंही सांगावं लागेल. मकसतसमोर. बघ बाई, तुझं तू ठरव."

असा वार फक्त मैत्रीणच करू शकते. शत्रूला कुठं मारायचं ते ठाऊक नसतं. झूराकान उठली आणि दार न लावता निघून गेली. बोलावं तर मेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द मोडतो, आणि गप्प बसावं तर पोर तेन्तीची होते. घरी येऊन तिनं चहा केला आणि तो तसाच निवू दिला.

शनिवारी वाचनालय गच्च भरलं होतं. मकसत तिला गाडीतून घेऊन आला आणि भिंतीशी उभा राहिला. अडतीस वर्षांचा बाप्या, चालीनं हुबेहूब ओरोझ. तेन्तीच्या खांद्यांवर भरजरी झगा चढला. जुमाली आजोबांनी, गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं, ओढणीची गाठ सोडली. मग झूराकानचं नाव पुकारलं.

ती उभी राहिली. तेन्ती तिच्याकडे बघत होती, ओठ पांढरे पडले होते.

"वाक्यं छोटी आहेत," झूराकान म्हणाली. "बाप छान उतरलाय." आणि खाली बसली. चार गोड शब्दांऐवजी दोनच बोलली म्हणून लोक हसले. तिनं गिळलं होतं सगळं. ओरोझसाठी.

तेन्तीचा चेहरा खुलला. तिनं स्वतःच पुस्तक उचललं आणि एकाहत्तरावं पान मोठ्यानं वाचलं. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. लांडगा आला तेव्हा मेरिमनं हुंदका दिला.

जुमाली आजोबांनी घसा खाकरला. "लेकरासाठी दुवा मागितल्याशिवाय पुढं जायचं नाही," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी तळवे उघडले. "पोरी, नाव काय होतं तिचं? नावानिशी मागावी लागते."

तेन्ती गडबडली. भांडी विसळताना झूराकाननं नाव काही उच्चारलं नव्हतं. "नाव... ठेवलंच नव्हतं आजोबा. अकरा दिवसांचं तर होतं."

"बरं. मग बिननावाच्या लेकरासाठी—"

"नाव ठेवलं होतं!"

झूराकान कधी उठली ते तिलाही कळलं नाही. "तिसऱ्या दिवशी तिच्या बापानं कानात सांगितलं होतं. आकमारल. ओरोझची मुलगी आकमारल. मी तिची आई. आणि लांडगा बिंडगा काही नव्हता तिथं. आम्ही दोघंच होतो."

जुमाली आजोबांनी एकदा तेन्तीच्या झग्याकडे पाहिलं, एकदा झूराकानकडे. तळवे त्यांनी खाली घेतले नाहीत. "ओरोझची मुलगी आकमारल हिच्यासाठी," ते म्हणाले, आणि त्यांनी दुवा पुरी केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी ते नाव मोठ्यानं घेतलं होतं. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, तेन्तीनंही फिरवले.

झूराकान तिच्याकडे न बघता भिंतीकडे गेली. आता पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं, एवढंच तिच्या मनात होतं. मकसतनं मात्र हात पुढं केला नाही.

"आब्बा एक दिवस थांबले, म्हणून?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला बहीण होती."

"होती रे."

तो तिच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिला. "आई, तू तिला सांगितलंस," तो तेन्तीकडे बोट दाखवत म्हणाला. "आणि मला नाही."