पहिला बॉल पडेपर्यंत

आमच्या छोटूला सदतिसावं लागलं, तरी तो छोटूच. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, कानांवरचे केस पिकलेले, गुडघ्याला पट्टा. पण मी त्याची मोठी बहीण आणि कोचही, तेव्हा काय हाक मारायची ते मीच ठरवणार.

टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीतही तो मुख्य फेरीत कधी खेळला नव्हता. जिंकायचं तर सोडाच. दरवर्षी पात्रता फेरीत हरायचा आणि मी आपली ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचे. यंदा डॉक्टरांनी गुडघ्याचं स्पष्टच सांगितलं, पुढचं वर्ष नाही. आणि यंदाही तो हरलाच, अगदी शेवटच्या पात्रता सामन्यात.

तरी एक फट उरली होती. मुख्य स्पर्धेतल्या कुणी ऐनवेळी माघार घेतली, तर हरलेल्यांतला पहिला आत घेतात. त्याला म्हणतात लकी लूझर. हे नाव ज्याला सुचलं त्याला मला एकदा भेटायचंय. रोज सकाळी रेफरीच्या ऑफिसात सही करायची आणि कुणाचं तरी पोट बिघडावं म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. तेही सामन्याचा पहिला बॉल पडेपर्यंतच. पडला की संपलं. यादीत छोटू पहिला होता आणि तीन दिवस सगळ्यांची पोटं ठणठणीत होती.

पहिल्या फेरीच्या शेवटच्या दिवशी बातमी आली, चॅम्पियनची पाठ धरली. हा चॅम्पियन छोटूच्याच वयाचा. कपाट भरून करंडक आहेत, पण जाण्याआधी आणखी एक हवा म्हणून त्याचा जीव अडकलेला. लहानपणी छोटूने त्याला एकदा हरवलं होतं. ती गोष्ट ऐकून ऐकून आमच्या घरातली माणसं आता उठून जातात.

जेवायच्या आधी चॅम्पियनचा ट्रेनर आला. पाठ साथ देते का ते बघायला सरावाला कुणीतरी हवं होतं, आणि चॅम्पियनने छोटूचंच नाव घेतलं होतं.

मी छोटूला दारातच गाठलं. “आखूड बॉल टाक. वाकायला लाव त्याला.”

“ताई, अगं, पाठ दुखतेय त्याची.”

“म्हणूनच सांगतेय! सामन्यात काय त्याला कुणी हातात आणून देणार आहे? नाही झेपलं तर तो माघार घेईल आणि तू आत जाशील. कळतंय का?”

“बघतो.”

हे ‘बघतो’ मी लहानपणापासून ओळखते. तोंडावर नाही म्हणवत नाही, तेव्हा छोटू बघतो.

एक आखूड बॉल टाकला त्याने, नाही असं नाही. चॅम्पियन वाकला आणि तसाच राहिला, नेटला धरून. मला आनंद झाला. लाज वाटली नाही, आनंदच झाला. मग चॅम्पियनने मान वर केली. त्याचा चेहरा मला दिसला नाही, छोटूला दिसला असणार.

त्यानंतर छोटूने एकही बॉल कमरेखाली जाऊ दिला नाही. लांब, भरीव, थेट त्याच्या हातात. हळूहळू चॅम्पियन मोकळा झाला, आणि मग छोटूही सुटला. गुडघा विसरला, मला विसरला. बॅकहँड असे रेषेवर पडत होते की बाजूच्या कोर्टवरची मंडळी खेळ थांबवून जाळीपाशी आली. मी मात्र हात चोळत उभी होते.

चॅम्पियनने नेटपाशी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “माघारीचा निरोप द्यायलाच निघालो होतो. तुझ्यामुळे आज खेळतोय.”

छोटू हसला. बावळट!

सामना आम्ही खेळाडूंच्या खोलीतल्या टीव्हीवर पाहिला. तिसऱ्या गेमला सर्व्हिस करताना चॅम्पियनचा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. प्रतिस्पर्ध्याने येऊन हात मिळवला. खेळ खलास.

तरी मी वेड्यासारखी ऑफिसात धावले. टेबलावरची बाई भली होती. “बॉल पडलाय हो,” ती म्हणाली. “समोरचा पुढे गेला. आता ही जागा कुणालाच नाही.”

परत आले तर छोटू बूट काढून बसला होता. गुडघा फुगला होता. काय काय बोलायचं ते मी जिन्यातच ठरवून आले होते.

“ताई,” तो म्हणाला, “पण खेळलो बरा ना मी?”

“इतका चांगला तू कधीच खेळला नव्हतास,” मी म्हणाले. ते खरं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.