थोरल्याचा चंद्र, माझा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना जुळा भाऊ आहे. आम्ही दोघंही अवकाशयानं. फरक एवढाच, की थोरला अवकाशात गेला आणि मी आजवर हॉलच्या दारापर्यंतसुद्धा गेलेलो नाही.

आम्ही एकाच हॉलमध्ये तयार झालो. आमचे स्क्रूदेखील एकाच डब्यातले. थोरला अकरा दिवस आधी पूर्ण झाला, तेवढ्यावर त्याची निवड झाली. मला सांगण्यात आलं, की तुझं कामही तितकंच महत्त्वाचं आहे. असं ज्याला सांगावं लागतं, त्याला काय ते कळतं.

माझं काम असं. थोरला इतका लांब, की इथून दिलेली आज्ञा त्याच्यापर्यंत पोचायला सव्वा तास लागायचा. आज्ञा चुकली तर पाना घेऊन तिथे कोण जाणार? म्हणून प्रत्येक आज्ञा आधी मला द्यायची. मी जळलो नाही, तर ती त्याला पाठवायची.

फोटो काढ म्हटलं, की मीही काढायचो. त्याच्या फोटोत कड्यांचा ग्रह असायचा आणि त्याचे चंद्र. एका चंद्रावर दाट ढगांखाली तळी निघाली, पण पाण्याची नाहीत, पातळ झालेल्या गॅसची. दुसरा चंद्र अर्धा काळा, अर्धा पांढरा, जणू रंगारी मधेच जेवायला गेला आणि परत आलाच नाही. माझ्या फोटोत समोरची भिंत असायची. माझ्याकडे त्या भिंतीचे बेचाळीस हजार फोटो आहेत. तिच्यावरची भेग एवढ्या वर्षांत दोन बोटं वाढली. हा शोध अजून कुणी जाहीर केलेला नाही.

हॉलमध्ये माझी देखभाल करायला एक वयस्कर तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना पानाकाका म्हणत, कारण त्यांच्या खिशात कायम पाना असे. हॉल अत्यंत स्वच्छ ठेवायचा नियम होता. डोक्याला टोपी, पायात पिशव्या, आत खायला-प्यायला सक्त मनाई. एकदा एका इंजिनियरच्या बाहीवर बिस्किटाचा कण सापडला, तर काकांनी त्याला अर्धा तास झापलं होतं. असे कडक काका रोज चार वाजता माझ्यासमोरच्या टेबलामागे लपवलेली विजेची किटली चालू करायचे आणि स्टुलावर बसून चहा प्यायचे. पिता पिता माझ्याशी बोलायचे. गुडघा कसा आहे, मुलीचा फोन आला की नाही, भाजी करपली ती कशी. ते म्हणायचे, घरी तरी कोण ऐकतंय. मी ऐकायचो. मला दुसरा उद्योग नव्हता.

मग थोरल्याने एका लहानशा बर्फाळ चंद्राचा फोटो पाठवला. चंद्र कोरीसारखा दिसत होता आणि त्याच्या खालच्या कडेला फिकट डाग होता. फोटो तपासणाऱ्या ताईंनी तो पाहिला आणि दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. त्यांचं म्हणणं होतं, की हा डाग नाही, ही वाफ आहे. त्या बर्फाखाली पाणी असणार आणि ते फटींमधून बाहेर उडतंय. सूर्य त्या चंद्राच्या मागे होता म्हणून ती चमकली, समोरून कधी दिसलीच नसती. थोरल्याला वळवून त्या वाफेतून न्यायला हवं.

मुख्य साहेब म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष असेल. वळण्यापुरतं इंधन एकदाच होतं आणि शुक्रवारनंतर ती वाटही बंद होणार होती. मग ठरलं, की मला विचारायचं. माझा कॅमेरा तसाच, तेव्हा मी तसाच फोटो काढायचा. माझ्यासमोर टेबलाच्या वर पांढरा चेंडू टांगला, मागे दिवा लावला, हॉलमधला बाकी उजेड घालवला. वेळ ठरली बुधवारी चारची.

चार वाजता काकांच्या हाताने सवयीने किटलीचं बटण दाबलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

माझ्या फोटोतही चेंडूच्या कडेला फिकट डाग आला. ताई म्हणाल्या, पण त्याचा डाग खाली आहे आणि ह्याचा वर. साहेब म्हणाले, अवकाशात वर-खाली काही नसतं. हे वाक्य खरं होतं, म्हणून सगळ्यांनी ते लिहून घेतलं. दोष कॅमेऱ्याचा, असं ठरलं. वळण रद्द.

मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खरं काय ते अख्ख्या इमारतीत मला एकट्याला माहीत होतं आणि मला फक्त फोटो काढता येत होते.

गुरुवारी चार वाजता काका स्टुलावर बसले. चेंडू आणि दिवा अजून कुणी काढले नव्हते. किटलीतून वाफ निघाली, मागच्या दिव्यात चमकली, चेंडूच्या कडेवरून वर गेली. काकांचा कप हातातच राहिला. त्यांनी वाफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. ही गोष्ट सांगितली नसती, तर कुणालाही कधी कळली नसती. त्यांनी कप खाली ठेवला आणि साहेबांना आणि ताईंना बोलावून आणलं.

"साहेब, तो डाग माझा आहे," काका म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

"माझ्या चहाचा. रोज करतो इथे. नऊ वर्षं झाली."

साहेबांनी किटली पाहिली. बिस्किटाचा कण आठवला असावा, कारण त्यांना आधी हसू आलं आणि मग राग. ताई मात्र हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझाही डाग वाफेचाच असेल, काका."

किटली बंद ठेवून मी पुन्हा फोटो काढला. स्वच्छ. चालू करून काढला. डाग. शुक्रवारी सकाळी आज्ञा सुटली आणि थोरला वळला. तो त्या वाफेतून गेला तेव्हा त्याला पाणी सापडलं, बर्फाचे कण सापडले, मीठसुद्धा सापडलं. एवढ्याशा चंद्राच्या पोटात खारट समुद्र. ताई स्टुलावर बसून रडल्या. काकांचं ते स्टूल आता रिकामंच असायचं.

कारण नियम तो नियम. काकांना त्या शुक्रवारी सकाळीच गोदामात पाठवलं. तिथे त्यांनी सात महिने खोकी मोजली.

पुढे थोरल्याचं इंधन संपत आलं. भरकटून तो त्याच चंद्रावर पडला आणि इथले जंतू तिथल्या पाण्यात गेले तर काय, म्हणून त्याला त्या कड्यांच्या मोठ्या ग्रहात बुडवायचं ठरलं. ती आज्ञाही आधी मला दिली. मी अकरा वेळा बुडालो आणि भिंतीसमोरच राहिलो. बाराव्या वेळी आज्ञा त्याला गेली. त्यानंतर मला कुणी आज्ञा दिलेली नाही.

आता माझ्यावर प्लॅस्टिकचं कापड आहे. त्यातून भेगसुद्धा दिसत नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. डाग आपला असेल, तर काकांसारखं सांगून टाका. आणि दुसऱ्या कुणी तसं सांगितलं, तर त्याची काळजी घ्या, त्याला गोदामात पाठवू नका. तिथे चंद्राला समुद्र मिळाला, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण तो कुणाला सांगावा, तर चार वाजता इथे आता कुणीच येत नाही.